एक सूचना है

कानउघाडणी हा शब्द मला लहानपणापासून पाठ आहे, कारण आमच्या पुण्याच्या घरात ती रोज कुणा ना कुणाची व्हायची. काही सांगायचं असेल तर तोंडावर सांगायचं, आणि सांगून झाल्यावर वर पुन्हा 'मी आपली स्पष्ट बोलते हं' असं म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. त्यात मी पोटापाण्याला धंदा निवडला तोही सॉफ्टवेअर टेस्टिंगचा. म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या त्याला दाखवायच्या. चुका काढायचा पगारच मिळतोय म्हटल्यावर स्वभावाला औषध कोण शोधतं? सहा वर्षांपूर्वी नवऱ्याची बदली दिल्लीला झाली, लक्ष्मीबाई नगरला सरकारी क्वार्टर मिळालं आणि मला नोएडातल्या एका कंपनीत टीम लीडची नोकरी लागली. तिथे मला सुभेदार शेलार भेटले. कुणी विचारलेलं नसताना दुसऱ्याला काही सांगायचं कसं, हे मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं.

शेलार आमच्या ऑफिसचं ॲडमिन सांभाळायचे. मूळचे खटाव तालुक्यातले, सगळी हयात तोफखान्यात गेलेली, सुभेदार म्हणून रिटायर झालेले. मुलगाही फौजेत, त्याचं क्वार्टर दिल्ली कॅन्टमध्ये, तिथेच हे राहायचे. कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आरशासारखे बूट, आणि चालताना दोन्ही हात पाठीमागे. ऑफिसात सगळे त्यांना 'सुभेदार साब' म्हणायचे. मी आठवड्याभरात 'काका' म्हणायला लागले. ते मला चारचौघांत 'मॅडम' म्हणायचे आणि दोघंच असलो की 'ताई'.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. माझ्या टीममध्ये निधी नावाची मुलगी होती, गाझियाबादची, चोवीस-पंचवीसची. तिने एक रिपोर्ट अर्धवट पाठवला. मी तिला माझ्या काचेच्या केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि तिची चांगली हजेरी घेतली. ती मान खाली घालून गेली. थोड्या वेळाने मी पाण्याची बाटली भरायला उठले तर शेलार माझ्या शेजारून चालायला लागले. माझं नवं ओळखपत्र त्यांच्या हातात होतं. ते देता देता मला एकटीलाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, एक सूचना है. आपके केबिन का काँच जो है ना, वो छत तक नहीं जाता."

बस, एवढंच. कार्ड माझ्या हातात ठेवलं आणि लिफ्टकडे गेले.

मी काय करावं? जागेवर येऊन ॲडमिनला मेल टाकला. केबिनची काच छतापर्यंत वाढवून मिळावी, काम तातडीचं आहे. दहा मिनिटांत उत्तर, 'नोट कर लिया है, मॅडम.' तीन दिवसांनी घरी पोळ्या लाटताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हातातलं लाटणं तसंच राहिलं. काचेच्या वर दीड हात मोकळी जागा होती, आणि तिथून माझा शब्दन् शब्द सगळ्या मजल्याने ऐकला होता. अगं बाई! हा माणूस काचेबद्दल बोलतच नव्हता. तव्यावरची पोळी करपून काळी झाली आणि नवरा धावत आला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलं. "काका, मराठी माणूस ना तुम्ही? सरळ सांगायचं की मला!"

"सरळच सांगितलं की, ताई," ते म्हणाले. "काच न्हाईच जात वरपर्यंत."

पुढे मी त्यांना नीट बघायला लागले. मला चुका शोधायची सवय, तशी त्यांच्या वागण्यातली मेख शोधायला लागले. हे गृहस्थ कुणालाही तिसऱ्या माणसासमोर काही सांगत नसत. समोर बसून तर कधीच नाही. लिफ्टपासून गेटपर्यंत, कँटीनपासून जिन्यापर्यंत, असं बरोबर चालता चालता. दोघांची तोंडं एकाच दिशेला. "समोरासमोर बसलं की साहेबापुढं पेशी झाल्यासारखं वाटतं," असं एकदा मला म्हणाले होते. आणि सांगायचं ते एकदाच. समोरच्याने ऐकलं नाही, उलट केलं, तरी दुसऱ्यांदा शब्द नाही. वर त्या उलट करणाऱ्याला सगळी मदत हेच करणार, तीही अगदी मनापासून. मला हे बघून चिडायला व्हायचं. मी असते तर 'सांगितलं होतं ना मी?' हे वाक्य आठवडाभर पुरवून वापरलं असतं.

आमचे सेंटर हेड मल्होत्रा सर. माणूस भला, पण वेळेचं भान शून्य. संध्याकाळी पावणेसहाला त्यांना मीटिंग सुचायची. सहाला मेट्रो स्टेशनपर्यंतची कंपनीची शटल सुटायची आणि सगळ्यांचा जीव त्या शटलमध्ये अडकलेला असायचा. मी एकदा भर मीटिंगमध्ये म्हटलं, "सर, ही मीटिंग सकाळी का नाही होऊ शकत?" सर हसले, आणि पुढच्या दोन मीटिंगा साडेसातपर्यंत चालल्या. नंतर एके दिवशी शेलार त्यांच्याबरोबर गाडीपर्यंत चालत गेले. काय म्हणाले ते मला मल्होत्रा सरांनीच पुढे कधीतरी सांगितलं. "सर, एक सूचना है. छह बजे की शटल में आज सिर्फ ड्रायव्हर गया." त्यानंतर मीटिंग सकाळी अकराला व्हायला लागली. सरांना अजून वाटतं की ती त्यांचीच कल्पना.

आता या 'सूचना'ची गंमत. मराठीत सूचना म्हणजे काय, हे तुम्हाला-मला माहीत आहे. असं करून बघा, तसं केलंत तर बरं, ही सूचना. हिंदीत तसं नाही. हिंदीत सूचना म्हणजे खबर, माहिती, नोटीस. सल्ल्याला ते सलाह म्हणतात, सुझाव म्हणतात. इथे आलेला प्रत्येक मराठी माणूस हा शब्द चुकतो, मीही चुकले होते. माझ्या एका मेलवर 'मेरी सूचना' वाचून अख्ख्या टीमने निमूट नवा नियम म्हणून ते पाळलं होतं. मग शेलारांना असं बोलू देणं माझ्या जिवाला कसं सोसावं?

आम्ही बरोबर ऑफिसला जायचो. ते कॅन्टहून मेट्रोची पिंक लाइन धरायचे, मी आयएनएला चढायची, मयूर विहारला दोघं गाडी बदलायचो. तिथे जिना चढताना मी त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही चुकीचं बोलता. हिंदीत सूचना म्हणजे माहिती. लोकांना वाटतं तुम्ही खबर देताय. सलाह म्हणा."

ते थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "अच्छा? बरं झालं सांगितलंत."

मी खूश. दुपारी कँटीनबाहेर त्यांचाच आवाज, "साहब, एक सूचना है." मी कपाळाला हात लावला. पुन्हा सांगितलं. पुन्हा 'बरं झालं सांगितलंत.' तिसऱ्या वेळी माझा पारा चढला तेव्हा ते हसले, आणि मेट्रोत बसायला जागा मिळाल्यावर मला खड्याची गोष्ट सांगितली.

"वीसेक वर्षं झाली, तवा मी नायब सुभेदार," ते म्हणाले. "डोंगराळ मुलूख. साहेब तेवीस वर्षांचे, नुकतेच आलेले. मागं वीस जवान. खाली उतरायला दोन नाले, डावा आणि उजवा. जायचं डाव्यानं, साहेबांनी धरला उजवा. आता वीस जणांपुढं त्यांना चुकलात म्हणलं, तर तरणं माणूस हाय, पुढची दोन वर्षं चुकीचंच खरं करीत बसतंय. मी जवळ गेलो. म्हणलं, साब, एक सूचना है, मेरे जूते में कंकड़ है, दो मिनट रुकना पड़ेगा."

"मग?"

"मग काय? थांबलो. मी बूट काढला. साहेब रिकामे उभे. रिकाम्या माणसानं काय करायचं? नकाशा बगितला. दोन मिनिटांनी म्हणले, चलो, बाएँ से."

"काका, खडा होता तरी का बुटात?"

"होता की. घातला होता." ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "खोटं कशाला बोलायचं?"

मी एवढ्यांदा हसले की समोरच्या बाईने फोनमधून डोकं वर काढलं. शेलार पुढे सांगत होते. त्या साहेबांनी संध्याकाळी चहाला बोलावून विचारलं, कंकड़ मिला? आणि म्हणाले, तुम्ही मराठी लोक सुझावला सूचना म्हणता, हिंदीत सूचना म्हणजे खबर. पण तुम्ही हे बदलू नका.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मी सांगायच्या आधी वीस वर्षं?"

"व्हय."

"मग मला 'बरं झालं सांगितलंत' कशाला म्हणालात? तेही तीनदा!"

"तुम्ही एवढ्या मनापासून सांगत होता. सांगणाऱ्याला रिकाम्या हातानं कशाला पाठवायचं?" मग म्हणाले, "ताई, सलाह म्हणलं की माणूस ढाल पुढं करतो. सूचना म्हणलं की कान देतो. आपण खबर द्यायची. काच वरपर्यंत जात न्हाई, शटल रिकामी गेली, एवढंच. पुढचं ज्याचं त्यानं ठरवायचं."

त्या माणसाचं सगळं भांडवल हे एवढंच होतं. हळू आवाज, आणि तो एकाच माणसाच्या कानात पोचवायची कला. म्हणूनच पुढे जे झालं ते मला सहन होईना.

गेल्या वर्षीच्या थंडीत मेट्रोमध्ये ते जरा मोठ्याने बोलायला लागले. मला वाटलं, गाडीचा आवाज. मग ते नेहमी माझ्या उजव्या हाताला बसायला लागले, म्हणजे मी त्यांच्या डाव्या कानाशी. एकदा मी विचारलं, "काका, चहा?" ते घड्याळ बघून म्हणाले, "दहा? न्हाई अजून, सव्वानऊ झालेत." मी हसून सोडून दिलं. इतकी वर्षं तोफांशेजारी उभं राहिलेला माणूस, त्याचे कान कुठवर साथ देणार, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. आणि ज्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, तो माणूस स्वतःला हळू वाटेल तेवढ्या मोठ्याने बोलतो. शेलार अजूनही तसेच बरोबर चालायचे, तसेच मान कलती करायचे, तसेच कानाशी येऊन बोलायचे. फक्त ते आता अर्ध्या मजल्याला ऐकू जायचं. लोक एकमेकांकडे बघायचे. कुणी हसायचं. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. सुभेदार साबना सांगणार कोण?

मग तो मंगळवार उजाडला. लंचनंतर लिफ्टसमोर गर्दी होती. मी होते, मल्होत्रा सर होते, निधी होती, आणखी आठ-दहा माणसं. शेलार निधीच्या बाजूला येऊन उभे राहिले, मान कलती केली आणि आपल्या मते कुजबुजत तिला म्हणाले, "बेटा, एक सूचना है. आप जहाँ इंटरव्यू देने जाती हैं, उस कंपनी का गेट हमारे कैंटीन की खिड़की से साफ दिखता है."

सगळ्या माना निधीकडे वळल्या.

बघा, सूचना किती नेमकी होती! तिला कुणी पाहण्याआधी, सरांच्या कानावर जाण्याआधी, सावध करायचं होतं. सहा महिन्यांपूर्वीच्या आवाजात म्हणाले असते तर निधीने त्यांचे पाय धरले असते. आता निधीचा चेहरा पांढराफटक पडला. मल्होत्रा सर लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले. शेलार मात्र काम झाल्याच्या समाधानात हात पाठीमागे बांधून निघून गेले. त्यांना कळलंसुद्धा नाही, आणि तेच मला बघवेना.

निधी माझ्या केबिनमध्ये आली ती रडतच. म्हणाली, मी एचआरकडे लेखी तक्रार करणार. माझी नोकरी गेली तर जबाबदार कोण? तक्रार गेली असती तर शेलारांना घरी बसवलं असतं, यात शंका नव्हती. मी म्हटलं, "निधी, ते म्हातारे आहेत, त्यांना ऐकू येत नाही. आणि तू इंटरव्यू का देतेयस? इथे काय कमी आहे?"

तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "मॅम, वो तो आज पहली बार सबके सामने बोले. आप तो रोज बोलती हैं."

पाच वर्षं ही मुलगी माझ्या काचेच्या केबिनमध्ये येत होती. ती काच अजून छतापर्यंत गेलेली नव्हती. मला तोंडात मारल्यासारखं झालं. 'मी आपली स्पष्ट बोलते हं' हे वाक्य घशातच राहिलं. मी तिला एवढंच म्हणू शकले, "मला दोन दिवस दे. त्यांना मी सांगते. तक्रार तू नंतरही करू शकतेस." ती मान हलवून गेली.

सांगते म्हटलं खरं, पण कसं? संध्याकाळी मेट्रोत मी त्यांच्या डाव्या कानाशी हळूच सुरुवात केली. ते "व्हय, व्हय" म्हणाले आणि मला त्यांच्या गावच्या बटाट्याबद्दल सांगायला लागले. घरी जाऊन व्हॉट्सॲपवर लिहिलं, पुसलं, लिहिलं, पुसलं. जन्मभर तोंडी सांगणाऱ्या माणसाला लेखी कळवायचं म्हणजे नोटीस बजावल्यासारखंच झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मल्होत्रा सर म्हणाले, "अनघा, एचआरकडून एक मेल करवून टाकू का?" मी जवळजवळ ओरडलेच, नाही म्हणून. आणि ओरडल्यावरच मला कळलं की पेच नेमका कुठे आहे. त्यांना ऐकू जायचं तर ओरडूनच सांगावं लागणार. आणि ओरडून सांगितलं तर एकट्याला कसं सांगणार?

माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे एक बंद खोली आहे, काच थेट छतापर्यंत असलेली. मराठी! त्या चार मजली इमारतीत मराठी कळणारी माणसं दोनच, एक मी आणि एक ते.

दुपारी चारला मी त्यांना म्हटलं, चला, पार्किंगमध्ये एक चक्कर मारू. इमारतीच्या मागे मोठं उघडं पार्किंग, गेटवर तीन गार्ड, बाकी शुकशुकाट. आम्ही बरोबर चालायला लागलो, दोघांची तोंडं एकाच दिशेला. जन्मात इतक्या लोकांना इतकं ऐकवलं, पण एवढी भीती कधी वाटली नाही. मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकले आणि पूर्ण ताकदीने ओरडले,

"काका! एक सूचना आहे!"

गेटवर खुर्च्या सरकल्या. तिन्ही गार्ड धावत आले, टोप्या नीट करत आमच्यासमोर रांगेत उभे राहिले. त्यातले सगळ्यात वडील रामाशीष म्हणाले, "जी सर, क्या सूचना है?"

अरे देवा! मराठी कुणाला कळणार नाही म्हणून इतका विचार केला, आणि नेमका तेवढा एक शब्द दोन्हीकडचा निघाला. मी गार्डांकडे बघितलं, काकांकडे बघितलं. पण इथवर आलेच होते. गार्डांसमोरच, त्यांना न कळणाऱ्या मराठीत, मी उरलेलं ओरडून टाकलं. "काल तुम्ही निधीला जे हळू सांगितलंत ना, ते हळू नव्हतं! सगळ्यांना ऐकू गेलं! मल्होत्रा सरांनापण!"

शेलार माझ्याकडे बघत राहिले. मग गार्डांकडे बघितलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि कितीतरी महिन्यांनी, अंदाजाने, खरोखर हळू आवाजात म्हणाले, "सूचना मेरे लिए थी. मिल गई. जाइए आप लोग."

गार्ड गेले. ते तिथल्या ठेंगण्या भिंतीवर बसले. त्यांना असं कामाच्या वेळात बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"कवापासनं?"

मी तीन बोटं दाखवली. तीन महिने. ते बोटांवर काही मोजायला लागले. मला आधी कळेना, मग कळलं. तीन महिन्यांत कुणाकुणाच्या कानात काय काय सांगितलं, ते आठवत होते. एकेक बोट दुमडताना चेहरा उतरत चालला होता. दुसरा हात संपला तेव्हा मला रडू आलं. मी म्हटलं, काका, जाऊ द्या, लोक विसरतात. ते त्यांना ऐकू गेलं नाही, आणि बरंच झालं, कारण ते खरं नव्हतं.

बऱ्याच वेळाने ते उठले, शर्ट खाली ओढून सरळ केला आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत."

चौथ्यांदा ऐकत होते मी ते वाक्य. या वेळी त्यांना ते आधी माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या मीटिंगला सगळा मजला जमलेला असताना शेलार आत आले. मल्होत्रा सरांची परवानगी घेतली, सावधान उभे राहिले आणि मोठ्या आवाजात, यावेळी मुद्दाम मोठ्या आवाजात, म्हणाले, "निधी मॅडम, परसों मुझसे गलती हुई. जो बात अकेले में कहनी थी, सबके सामने कही. मेरे कान खराब हैं, यह मुझे कल पता चला. और जिन-जिनको ऐसा सुनाया है, सबसे माफी." मग एक कडक सॅल्यूट, आणि बाहेर. निधी उठून त्यांच्यामागे गेली. त्या दोघांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही, काचेपलीकडे होते दोघं. तक्रार मात्र गेली नाही, आणि पुढे शेलारांना फौजी हॉस्पिटलातून कानाचं मशीन मिळालं तेव्हा त्याचं सेटिंग फोनवरून कसं करायचं ते त्यांना निधीनेच शिकवलं.

निधीचं आणि माझं आता पार्किंगमध्ये चालता चालता बोलणं होतं. पहिल्यांदा मी तिला चालायला येतेस का विचारलं तेव्हा तिला वाटलं नोकरीवरून काढतेय.

मशीन आल्यापासून शेलारांनी धसकाच घेतला. इतकं हळू बोलायचे की आता समोरच्यालाच कान पुढे करावा लागे. मल्होत्रा सर "क्या? क्या?" करत त्यांच्यामागे फिरताना मी स्वतः पाहिलेत. सांगायचं एकदाच हा नियम मात्र तसाच. ऐकू नाही आलं तर तुमचं नशीब.

या एप्रिलमध्ये मुलाची बदली ईशान्येला झाली. क्वार्टर सोडायचं म्हटल्यावर शेलारांनी गावी जायचं ठरवलं. निजामुद्दीनहून दुपारची गाडी थेट साताऱ्याला जाते. मी आणि निधी सोडायला गेलो होतो. काकू आत सामान लावत होत्या. शेलार दारात उभे, इस्त्रीचा शर्ट, बूट चकचकीत. गाडीने हलकासा झटका दिला. ते वाकून माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "ताई, एक सूचना आहे..."

आणि नेमकं त्याच वेळी डोक्यावरचा भोंगा किंचाळला, 'यात्रीगण कृपया ध्यान दें.' शेलारांचे ओठ हलताना दिसले. चार-पाच शब्द असतील, जास्त नाही. गाडी सुटली. मी बरोबर चालायला लागले, मग धावायला. "काका, ऐकू नाही आलं! परत सांगा!"

त्यांनी एका हाताने दाराची दांडी धरली, दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं आणि हसले. एकदाच. तसंच बोट वर धरून ते दिसेनासे होईपर्यंत उभे होते.

आठवड्याने फोन केला, विचारलं. मशीनमधून शिट्ट्या येत होत्या. म्हणाले, "सांगून झालंय, ताई." आणि बटाट्याच्या पिकाबद्दल बोलायला लागले.

मी अजून शोधते आहे. निधीला विचारलं, तिलाही काही कळलं नव्हतं. परवा टीममधल्या नव्या मुलीने एक मोठी चूक केली आणि मी तिला झाडणार, एवढ्यात मनात आलं, काका याबद्दलच तर काही म्हणाले नसतील? मी थांबले. आठवून बघितलं, ओठांची हालचाल जुळवून बघितली. तेवढ्यात दोन मिनिटं गेली, आणि बोलायचं होतं ते निराळ्याच शब्दांत बाहेर आलं. हल्ली रोजच असं होतं. मला दाट संशय आहे की त्या दिवशी भोंगा वाजेपर्यंत थांबून ते मुद्दामच बोलले. मला ऐकू जायला नकोच होतं ते. जाता जाता माझ्या बुटात खडा घालून गेले, आणि खोटं बोलायला नको म्हणून खरोखरचा घातला असणार.